मोहखोरीचा पहिला गोटा

"सांगून ठेवतो, हे कोणी मानणार नाही," ही परसराम मेश्रामच्या प्रत्येक गोष्टीची पहिली ओळ. आणि खरंच कोणी मानत नसे. अड्याळच्या बाजारापासून आत, जुन्या मालगुजारी मामा तलावाच्या पाळीखाली वसलेल्या साठ घरांच्या टोलीत तो जन्मभर गोष्टी सांगत आला, आणि एवढ्या जन्मात टोलीनं त्याचं बोलणं एकदाच खरं मानलं. नेमकं तेच त्याचं सगळ्यात मोठं खोटं होतं. आता वय झालं पंचाहत्तर, दात उरले सात, आणि ते एक खोटं मात्र अजून धडधाकट.

नोकरी त्याची शाळेतल्या शिपायाची. घंटा देणं, माठ भरणं आणि कपाटातले ग्रंथ झटकणं. एवढ्या भांडवलावर त्यानं टोलीत पंडिताचा मान मिळवला होता. "गुरुजी ग्रंथ वाचत, मी झटकत होतो," तो म्हणायचा. "वाचणाऱ्याले जे समजलं ते त्यायच्यापाशी राहिलं. झटकतानी जे खाली पडलं ते मले भेटलं."

शेजारी इश्वर शहारेचं घर. इश्वर वयानं मोठा, म्हणून त्याची बायको धुरपता ही परसरामची वहिनी. संध्याकाळी परसरामच्या अंगणात माणसं जमली की धुरपता आपल्या उंबऱ्यावर, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसायची. मान वर करायची नाही, हात थांबवायची नाही. पण गोष्ट रंगात आली की तिचा आवाज बरोब्बर यायचा.

एकदा परसराम सांगत होता, "भंडाऱ्याहून पाणी भराची पितळेची गुंडी आणली. रस्त्यात पावसानं गाठलं. घरी येऊन पाहतो तं पाणी सांडून गेलं, पण पावसाचा आवाज गुंडीतच अडकला. म्या झाकण लावून देलं. आता उन्हाळ्यात लय उकडलं का झाकण काढतो. लोक छत्र्या उघडून पळतेत!"

"खोटं!" उंबऱ्यावरून आवाज.

"काय खोटं, वहिनी?"

"गुंडीले झाकण कुठून आलं जी भाऊजी? गुंडीवर पाणी प्याचा गडवा राहते."

माणसं मांड्या थोपटून हसायची. आवाज गुंडीत अडकतो हे तिला चालत होतं. झाकण चालत नव्हतं. तिचं 'खोटं' नेहमी असंच, घरच्या-शेतातल्या एखाद्या बारीक गोष्टीवर बोट ठेवणारं. आणि परसरामला ते भाजीतल्या मिठासारखं लागायचं. पुढं पुढं तर तो प्रत्येक गोष्टीत तिच्यासाठी म्हणून एक फट मुद्दाम ठेवायला लागला. ती फट तिला सापडली की गोष्ट पूर्ण झाली.

हे सगळं अडतीस वर्षांपूर्वी थांबलं.

त्या वर्षी धानाची रोपं लावून रोवणा झाला आणि भादव्यात पाऊस गेला तो परत फिरलाच नाही. उरलं होतं ते तलावातलं पाणी. तलावाच्या पाळीतून पाणी सोडायचं जे जुनं दगडी दार असतं त्याला तिकडं तुडुम म्हणतात. त्याच्या भोकांत लाकडी खुटे चिंध्यांनी गच्च ठोकलेले असतात. टोलीनं बसून ठरवलं की सगळ्यांचा भारी धान गर्भात येईल त्या सोमवारी तुडुम उघडायचं, त्याआधी खुट्याला कोणी हात लावायचा नाही. धुरपतानं मात्र पेरला होता लवकर पिकणारा हलका धान. त्याला पाणी पाहिजे होतं आठ दिवस आधी. इश्वर भंडाऱ्याला दवाखान्यात भरती. ती एकटी बैठकीत आली आणि म्हणाली, "अर्धा घंटा द्या जी. माही बांधी तुडुमाच्या तोंडाशीच आहे. दुसऱ्यायले कमी नाही पडन."

"एकाले देलं तं सगळ्यायले द्या लागन," बैठक म्हणाली.

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी परसरामनं तिला धानाच्या बांधीत उभी पाहिली. फाटलेल्या जमिनीत ती पायाचा अंगठा घालून भेग किती खोल आहे ते पाहत होती. अंगठा पुरा आत गेला.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी टोली रिकामी असताना परसराम पाळीवर चढला आणि त्यानं एक खुटा उपटला. एकच. पाणी धुरपताच्या बांधीत उतरलं. दोन घंट्यांत येऊन खुटा ठोकून देऊ, असा त्याचा हिशेब. तोवर चार लोकांच्या नजरेत असावं म्हणून तो बाजारात गेला आणि चहाच्या दुकानात टेकला. कोणीतरी म्हणालं, "परसराम, ते गुंडीची सांग ना गा."

त्यानं सांगितली. मग दुसरी सांगितली. दुकानापुढं चाळीस माणसं जमली. एवढी ऐकणारी माणसं त्याला जन्मात मिळाली नव्हती. तिसरी गोष्ट अशी रंगली की चहावाल्याचं दूध उतू गेलं तरी त्याला कळलं नाही. परसरामला खुटा आठवला तेव्हा ऊन शिंदीच्या शेंड्यावर गेलं होतं.

पळत आला. एका भोकातून सुटलेल्या पाण्यानं शेजारचे दोन खुटे खेचून नेले होते. पाणी धुरपताची बांधी भरून, कडेचा धुरा फोडून नाल्याला लागलं होतं. तलावात चिखल चमकत होता आणि त्यात बगळे निवांत उभे होते.

त्या साली टोलीत लोंब्या आल्या, पण हातात चुरडल्या तर नुसता फोल. धान पिकला तो एकट्या धुरपताचा.

"ज्याची बांधी ओली, त्याचा हात ओला," बैठकीत आनंदराव म्हणाला. तो तेव्हा टोलीतला पहिला मॅट्रिक, त्याचं वाक्य शेवटचं असायचं. परसरामवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्याची अर्धा एकर बांधी तलावाच्या वरच्या अंगाला. तिला तुडुमाचा काडीचा उपयोग नाही. तो त्याच बैठकीत बसला होता. तोंड उघडलं होतं त्यानं. पण 'म्या उघडलं' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, "कायले?" नवरा दवाखान्यात, आणि परसराम त्याच्या बायकोच्या बांधीले पाणी सोडून राहिला. कायले? ह्या एका शब्दावर टोली वर्षभर चघळत बसली असती. तिच्या अब्रूसाठी आपण गप्प बसलो असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं नुसतं भ्यालेलं होतं.

टोलीनं ठरवलं, धुरपताशी कोणी बोलायचं नाही, तिच्या रोवण्याला कोणी जायचं नाही. नाव पडलं तुडुमफोडी. ती "मी नाही" एवढंच म्हणाली, एकदाच. मग तेही म्हणाली नाही. आणि त्या दिवसापासून उंबऱ्यावरून 'खोटं' येणं बंद झालं. परसरामनं खूप फटी ठेवून पाहिल्या. एका गोष्टीत त्यानं म्हशीला अंडी घालायला लावली. उंबऱ्यावर बिड्या वळल्या जात राहिल्या.

पुढच्या आषाढात ती एकटी रोवणा करत होती. दवाखान्यातून आलेला इश्वर धुऱ्यावर बसून पऱ्ह्यातल्या रोपांची एकेक पेंढी तिच्याकडं सरकवत होता, तेवढंच त्याच्यानं होत होतं. बाकीच्या बांध्यांत वीस-वीस बाया ओळीनं वाकून गाणी म्हणत होत्या आणि मधल्या बांधीत ही एकटी, बिनगाण्याची. परसरामनं ते तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी त्यानं शाळेच्या कपाटातला एक जाड ग्रंथ झटकायला काढला, तो हातातून निसटला, पान उघडलं आणि त्यात एक शब्द दिसला. मोह.

आता तलावाच्या मागं दोन टेकड्यांमधून एक चिंचोळी दरी जाते. तिथं मोहाची पंचवीस-तीस जुनी झाडं. चैत्रात बाया फुलं वेचायला जातात. नाव मोहखोरी. त्यापलीकडं तिला ना इतिहास, ना महत्त्व. शेळ्यांना ठाऊक असलेली जागा.

पावसाळ्याचा वर्षावास चालू होता. विहारात रोज ग्रंथवाचन. त्या दिवशी वाचन संपल्यावर परसराम उभा राहिला आणि पहिल्यांदाच आपली ठरलेली पहिली ओळ म्हणाला नाही. कदाचित म्हणूनच लोक फसले.

"पावसाचे तीन महिने सरले का भिक्खू एकमेकायपुढं आपले दोष सांगत," तो म्हणाला. एवढं खरंच होतं, वाचनात आलेलं होतं. "पण कुठं सांगत, हे म्या झटकतानी पाहिलं. साफ छापून आहे. 'मोहातून पार जाऊन जो आपला दोष सांगते, त्याले संघानं परत घ्यावं, आन् मागचं काढू नये.' मोहातून पार! आपल्या मोहखोरीतून पार! पौनीले येवढे जुने स्तूप आहेत. तिथले भिक्खू वैनगंगा उतरून जात कुठं होते मंग? आपल्या इथंच तं येत होते!"

ज्यांनी जन्मभर मोह म्हणजे फुलं, मोह म्हणजे दारू, मोह म्हणजे टोपलीतून बाजारात जाणारा माल एवढंच जाणलं, त्यांचा मोह ग्रंथात! आनंदराव मॅट्रिक असून उठून उभा राहिला. म्हणाला, "मले वाटतच होतं."

अश्विन पौर्णिमेला टोली मोहखोरीत गेली. पहिला दोष कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. धुरपतापुढं वाट आपोआप मोकळी झाली. परसरामनं सगळं जुळवलं होतं. तिनं एक गोटा ठेवायचा, "चुकलं" म्हणायचं, टोलीनं तिला परत घ्यायचं. संपलं. फक्त न केलेला दोष तिला कबूल करावा लागणार होता, हे त्याला ती गोटा घेऊन चालायला लागली तेव्हा कळलं.

तिनं गोटा ठेवला. उभी राहिली. टोली वाट पाहत होती. ती एक शब्द बोलली नाही. तिनं मान वळवली आणि माणसांच्या घोळक्यात एकट्या परसरामकडं पाहिलं, सुपातलं पान फाटकं आहे का पाहावं तसं, शांतपणे. मग ती घरी गेली.

"मनात बोलली," आनंदराव म्हणाला. "मनात चालते का गा, परसराम?"

"चालते," परसराम म्हणाला. "ग्रंथात आहे."

त्या पौर्णिमेपासून बाया तिच्याशी बोलायला लागल्या. रोवण्याला वीस जणी आल्या. पण नाव गेलं नाही. तुडुमफोडीची नुसती तुडुमवाली झाली, तेवढी सवलत.

आणि खोरी चालू राहिली. दर अश्विन पौर्णिमेला माणसं येत, गोटा ठेवत, दोष सांगत. अड्याळहून येत, पार मोहाडीकडच्या आंधळगावहून जीप करून येत. दोन भाऊ धुऱ्यावरून बारा वर्षं बोलत नव्हते, ते इथं रडले. एका सुनेनं सासूच्या औषधात साखर घालत होते म्हणून सांगितलं, तर सासू म्हणाली, मले मालूम होतं, गोड लागत होतं. एका उमेदवारानं गोटा आपला ठेवला आणि दोष विरोधकाचा सांगितला, त्याला परत पाठवलं. ढीग माणसापेक्षा उंच झाला. लबाडीचं बी पेरावं आणि पीक खऱ्याचं यावं, असं परसरामनं आपल्या कोणत्याही गोष्टीत घालायचं धाडस केलं नसतं. दरवर्षी तो तिथं मोहाखाली बसायचा. "तुहा गोटा, परसराम?" कोणी विचारलं तर म्हणायचा, "मी तं ग्रंथवाला. पुजाऱ्यानं का परसाद विकत घ्यावा?" लोक हसायचे. त्याला ढिगाकडं पाठ करूनच बसता यायचं.

इश्वर गेला. परसरामनं वरची बांधी विकली, तिथं विटांची भट्टी झाली. आणि यंदा पौर्णिमेच्या दोन दिवस आधी तृप्ती त्याच्या अंगणात आली.

तृप्ती म्हणजे धुरपताची नात. नागपूरला पाली घेऊन एम.ए. करणारी. विहार समितीचे अध्यक्ष आनंदराव आता मोहखोरीच्या तोंडाशी शिलालेख बसवणार होते, 'ग्रंथांतरी उल्लेखिलेली पवित्र दरी', आणि मजकूर लिहायचं काम तिला दिलं होतं. तिनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवला.

"आबाजी, ग्रंथाचं नाव सांगा."

"जाड होता."

"नाव पुसलं मी, वजन नाही."

"निळ्या पुठ्ठ्याचा. वरच्या खणातला."

"मी शाळेत जाऊन आली. निळ्या पुठ्ठ्याचा भूगोल आहे."

"मंग वाळवीनं खाल्ला असन."

"नावापासून पानापर्यंत? एक अक्षर नाही ठेवलं?"

"वाळवी शिकलेली असन."

तृप्तीनं मोबाइल बंद केला आणि उपडा ठेवला. "आबाजी, मोह म्हणजे मोहाचं झाड नोहे. लोभ, द्वेष, मोह. त्यातला मोह. मनाले भूल पडते, तो. ग्रंथात झाड नाही, खोरी नाही, काही नाही."

"मोहाच्या फुलानं बी भूल पडतेच ना, पोरी."

ती हसली नाही. तिनं पिशवीतून एक कागद काढला. "ते मी सांभाळून लिहीन. 'अशी लोकांची श्रद्धा आहे' म्हणून लिहिता येते. पण दुसरी ओळ आनंदराव आजोबानं देली आहे. ऐका. 'या दरीत पहिला दोष, तलावाचे तुडुम फोडल्याचा, धुरपता इश्वर शहारे यांनी कबूल केला.' ते म्हणतेत, मानाची गोष्ट आहे, पहिलं पाऊल बाईनं टाकलं."

परसरामनं कागदाकडं पाहिलं नाही.

"शाळेत मले पोरी तुडुमवालीची नात म्हणत," तृप्ती म्हणाली. "घरी येऊन मी आजीले पुसलं, खरं आहे का वो? आजी म्हणे, परसरामले पुस. काल परत पुसलं, ही ओळ लिहू का? परत तेच. परसरामले पुस, ग्रंथ त्यानं वाचले. म्हणून पुसून राहिली. लिहू?"

अंगणात कोंबडी माती उकरत होती. परसरामला वाटलं, हिनं दाणा काढावा आणि हा प्रश्न खाऊन टाकावा.

"दोन दिवस थांब," तो म्हणाला.

"कोरलेला गोटा परवा बसते, आबाजी."

"मंग परवापर्यंत थांब. तेवढी जागा कोरी ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुरपताच्या उंबऱ्याशी गेला. तेच सूप, तीच पानं. बोटं वाकडी झाली होती, तरी दोरा बरोबर पडत होता. तो पायरीवर टेकला. सांगायचं होतं एक आणि तोंडातून निघालं भलतंच, सवयीनं.

"वहिनी, काल का झालं माहीत आहे का? तलावातला एक मरळ मासा पाळीवर चढून आला आन् मले बिडी मागून राहिला."

तिनं बिडीचं तोंड दुमडलं. मरळाला हात नाहीत, तो बिडी धरणार कशी, एवढी मोठी फट समोर उघडी पडली होती. तिनं बिडीला दोरा गुंडाळला.

"वहिनी..."

"गोटा बसवून राहिले म्हणतेत," ती म्हणाली.

"हो."

"माहं नाव राहीन म्हणतेत."

तो पायरीवरची माती नखानं उकरत राहिला.

"भाऊजी, तुम्ही शाळेत होते, तुमाले समजते. कोरलेलं अक्षर पावसानं जाते का जी?"

"नाही जात."

"तसंच वाटलं मले." तिनं पंचवीस बिड्यांचा कट्टा बांधला, बाजूला ठेवला आणि नवीन पान घेतलं. परसराम तेवढ्यात उठला.

पौर्णिमेला सकाळपासून तो नाल्यात गोटा शोधत होता. लहान घ्यावा तर लाज वाटे, मोठा घ्यावा तर उचलवत नसे. शेवटी नारळाएवढा एक मिळाला. तो दुपट्ट्यात बांधून मोहखोरीत पोचला तेव्हा शे-दीडशे माणसं जमली होती. खोरीच्या तोंडाशी काळा शिलालेख उभा, त्यावर वरच्या ओळी कोरलेल्या आणि खाली हातभर जागा कोरी. कोरणारा माणूस छिन्नी घेऊन सावलीत बसला होता. धुरपता एका मोहाच्या बुडाशी, आज सूप नाही म्हणून दोन्ही हात रिकामे मांडीवर घेऊन. तृप्ती तिच्या बाजूला, कागद हातात.

"हं, तृप्ती, दे ते ओळ," आनंदराव म्हणाले.

"थांबा," परसराम म्हणाला आणि ढिगापुढं गेला. त्यानं दुपट्टा सोडला. गोटा पाहून लोक चकित झाले. "अरे, ग्रंथवाल्याचा गोटा!"

परसरामनं घसा साफ केला. काय बोलावं हे रात्रभर ठरवलं होतं, पण तोंडाला एकच सुरुवात ठाऊक होती.

"सांगून ठेवतो, हे कोणी मानणार नाही."

झालं. माणसं सरसावून बसली. मागची पुढं आली. एकानं पोराला खांद्यावर घेतलं.

"ही खोरी ग्रंथात नाही."

हशा पिकला. "झटकतानी पडली असन!" कोणीतरी ओरडलं.

"खरं सांगून राहिलो ना बाप्पा! ग्रंथातला मोह येगळा, आपला मोह येगळा. ते वाक्य म्या बनवलं. भिक्खू इथं कधी आले असन का नसन, मले का मालूम? आन् तलावाचं तुडुम वहिनीनं नाही फोडलं. म्या उघडलं."

आता तर आनंदराव डोळे पुसायला लागले. "परसराम, लेका, आजचा दिवस तरी सोड! म्हणे म्या उघडलं. उद्या म्हणशीन, वैनगंगा म्याच खोदली!"

"म्याच उघडलं! बाजाराच्या दिवशी, दुपारी. एक खुटा काढला आन् चहाच्या दुकानात गोष्टी सांगत बसलो. ध्यानातच नाही राहिलं!"

"वा! गोष्टीच्या नादात तलाव रिता!" एक म्हातारा खुशीत येऊन म्हणाला. "गुंडीपेक्षा भारी आहे हे!"

कोरणारासुद्धा छिन्नी ठेवून हसत होता. परसराम गोटा धरून उभा. ऐकणारी माणसं हसावीत म्हणून त्यानं जन्म घालवला, आणि आज ते हसू अंगावर माती पडावी तसं पडत होतं. सगळ्या घोळक्यात न हसणारे चेहरे दोनच होते. तृप्तीचा आणि तिच्या आजीचा.

"बरं, बरं," आनंदराव दम खात म्हणाले. "मानलं आम्ही. तू उघडलं. पण कायले?"

आला. अडतीस वर्षं उशिरा, पण तोच शब्द आला. परसरामनं धुरपताकडं पाहिलं. भेगेत गेलेला तो अंगठा त्याला आठवला. जिभेवर आलं होतं. पण मोहाखाली बसलेली ती चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, बाजूला तिची नात, आणि पुढं दीडशे कान. ह्या वयात तिच्या मागं नवीन नाव कशाला लावायचं? एक नाव काढायला आलो, दुसरं कोरून जाऊ?

"माहाच धान मरून राहिला होता," तो खाली पाहून म्हणाला. "माह्या बांधीले पाणी पाहिजे होतं. लोभ सुटला मले. दुसरं काही नाही."

हसू एकदम थांबलं. माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. परसरामनं खुटा काढला हे कोणाला पटत नव्हतं, गोष्टीत तलाव वाहून गेला हेही नाही. पण लोभ म्हटल्यावर पटलं. लोभ सगळ्यांच्या घरचा. "अस्सं," कोणीतरी मागून म्हणालं. "म्हणून म्हातारा कधी गोटा ठेवत नोहता." आनंदरावांचा चेहरा उतरला. त्यांनी कोरणाऱ्याला हातानं थांब म्हणून खूण केली. "परसराम," ते हळूच म्हणाले, "येवढे वर्ष बाईले..." त्यांचंही एक वाक्य होतं त्या वर्षातलं, ओल्या हाताचं.

तृप्तीनं कागदावरच्या दुसऱ्या ओळीवर आडवी रेघ ओढली. परसरामला सुटल्यासारखं वाटलं. तिचं नाव निघालं होतं आणि त्या 'कायले'लाही उत्तर मिळालं होतं, साधं, सगळ्यांच्या ओळखीचं. गोटा ठेवायला तो ढिगाशी वाकला.

"खोटं!"

मोहाखालून आला आवाज. म्हातारा झाला होता, चिरकला होता, पण जागा तीच, बरोब्बर. परसराम वाकलेला तसाच राहिला, गोटा हातात. टोलीतल्या निम्म्या माणसांनी हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. उरलेल्यांनी वळून मोहाखाली पाहिलं.

धुरपता नातीच्या खांद्याला धरून उभी राहिली होती. ह्या वेळी मान वर होती.

"खोटं बोलून राहिले भाऊजी तुम्ही! तुमची बांधी तं तुडुमाच्या वरच्या अंगाले होती, जिथं आता भट्टी आहे. तिथं तुडुमाचं पाणी कसं जाईन? पाणी कधी चढ चढते का जी?"